भुतांविना हॅलोविन: एका चर्चच्या ‘ट्रंक ऑर ट्रीट’चा अनुभव

ऑक्टोबर लागला की मध्य न्यू जर्सीतील आमच्या वस्तीत दारोदारी सांगाडे, कोळ्यांची जाळी आणि पांढरी कापडी भुते लटकू लागतात, आणि त्याच सुमारास आमच्या घरी दरवर्षीचा वाद सुरू होतो: ख्रिस्ती कुटुंबाने हॅलोविन साजरा करावा की नाही, आणि करायचा तर कसा. माझे माहेर वसईचे, कॅथलिक. सासर अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, प्रॉटेस्टंट. त्यामुळे एकाच घरात या प्रश्नाची दोन उत्तरे असतात, आणि सासूबाई इकडे आलेल्या असल्या तर तीन. २०२४ साली त्या आल्या होत्या. अंगणातल्या भोपळ्यांकडे आणि शेजाऱ्याच्या हिरवळीत रोवलेल्या थर्मोकोलच्या थडग्यांकडे बघून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “अगं, ही तर यांची सर्वपित्रीच की! आपल्या घराण्यानं चार पिढ्यांपूर्वी सोडली ती, आणि तुम्ही इथं येऊन परत धरताय?”

नेमक्या त्याच आठवड्यात टपालपेटीत घराजवळच्या एका बॅप्टिस्ट चर्चचे निमंत्रण आले. ‘ट्रंक ऑर ट्रीट’ या नावाने होणारा हा कार्यक्रम आता अमेरिकेतील असंख्य चर्चेस आणि शाळा करतात. चर्चच्या पार्किंगमध्ये मंडळीतील कुटुंबे आपापल्या गाड्या ओळीने, पाठ आत करून लावतात, डिक्या उघडून त्यांत देखावे सजवतात, आणि वेशभूषा केलेली मुले घरोघरी जाण्याऐवजी डिकीडिकीला जाऊन गोळ्या-चॉकलेटे गोळा करतात. रस्ता ओलांडायचा नाही, अंधारात अनोळखी दार वाजवायचे नाही, आणि भुतेखेते औषधालाही नाहीत. सासूबाईंना हे पटण्याजोगे वाटले, मुलांना गोळ्यांशी मतलब होता, आणि मला कुतूहल होते, म्हणून २६ ऑक्टोबरच्या शनिवारी आम्ही सगळे गेलो. सोबत शेजारचे मूळचे पुण्याचे कुटुंबही नेले. यंदा जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी व्यवस्थेविषयी. वेळ संध्याकाळी ५ ते ७ अशी होती. प्रवेशाला पैसे नव्हते. येताना जमल्यास गोळ्यांची एक बंद पिशवी आणावी एवढीच विनंती होती. आम्ही सव्वापाचला पोहोचलो तेव्हा रांग चर्चच्या इमारतीला वळसा घालून मागच्या पाळणाघरापर्यंत गेलेली होती, आणि पहिल्या डिकीपाशी पोहोचायला आम्हाला चाळीस मिनिटे लागली. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता, त्यामुळे उभे राहण्याचा त्रास झाला नाही. पण पावसाळी हवेत लहान मुलांना घेऊन एवढा वेळ उघड्यावर थांबणे शक्य नाही, आणि आडोशाची काही सोय मला दिसली नाही. गाड्या एकंदर बावीस. प्रत्येक डिकीतून एकेक गोळी असा हिशेब असल्याने सगळी फेरी पंधरा मिनिटांत आटोपते, हे आधी ठाऊक असते तर मुलांना तशी कल्पना देता आली असती. शेवटी गरम अ‍ॅपल सायडर आणि दालचिनी-साखरेत घोळवलेले डोनट मिळाले, ते उत्तम होते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी वेगळे टेबल होते आणि त्यावर निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवलेला होता. ज्या घरी खाऊऐवजी लहानसहान खेळणी मिळतात त्या घराची ही खूण आता इकडे सर्वांच्या ओळखीची झाली आहे, आणि चर्चने तिची आठवण ठेवली याबद्दल त्यांना पूर्ण गुण दिले पाहिजेत.

देखाव्यांत मंडळींनी मनापासून कष्ट घेतले होते. नोहाचे तारू तीन ठिकाणी होते, ते अपेक्षितच होते. एका पिकअप ट्रकने मोठ्या माशाचे रूप घेतले होते. मागचे फाळके खाली पाडून त्याचा जबडा केलेला, आणि आत योना होऊन बसलेले गृहस्थ दर दोन मिनिटांनी “मला बाहेर काढा” असे ओरडत होते. मला सर्वांत आवडली ती कडेची एक जुनी, पोचे पडलेली छोटी मोटार. तिच्या डिकीत वाळूच्या रंगाची चादर अंथरलेली होती, वर मासे पकडण्याच्या दोऱ्याने पांढरे मार्शमेलो टांगलेले होते, आणि बाजूला पुठ्ठ्यावर हाताने एकच शब्द लिहिलेला होता: मान्ना, म्हणजे रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना आकाशातून मिळालेले अन्न. पाच वर्षांच्या आमच्या मुलाने मूठभर मार्शमेलो तोडायला हात घातला, तेव्हा तिथल्या वृद्ध बाईंनी त्याला हसत बजावले की ज्याला जेवढे लागेल तेवढेच घ्यायचे, उद्यासाठी ठेवले तर किडे पडतात. निर्गमच्या सोळाव्या अध्यायातील अख्खा धडा त्या बाईंनी एका वाक्यात सांगितला, आणि माझ्या मुलाला तो अजून पाठ आहे. संपूर्ण कार्यक्रमात पवित्र शास्त्र सजावटीपुरते न उरता खरोखर कामाला आले ते तेवढ्या एका डिकीत.

आता तक्रारी. निमंत्रणावर दोन अटी छापल्या होत्या: भीतीदायक वेश नको आणि शस्त्रे नकोत. आमची आठ वर्षांची मुलगी दावीद, म्हणजे धिप्पाड गल्याथाला गोफणीने लोळवणारा पोर, झाली होती आणि तिच्या हातात पायजम्याच्या नाडीची आणि चामड्याच्या तुकड्याची, तिच्या बाबांनी नगरी पद्धतीने विणून दिलेली गोफण होती. दारावरच्या स्वयंसेविकेने ती शस्त्र म्हणून जमा करून घेतली. तिच्या मागे रांगेत साडेसहा फुटी गल्याथ होऊन आलेल्या एका तरुणाला मात्र पुठ्ठ्याच्या ढालीसकट आत सोडले, म्हणजे त्या संध्याकाळी गल्याथाला जिंकण्याची उत्तम संधी होती. मुलाच्या वेशाची निराळीच गंमत झाली. त्याला मी संत गोन्सालो गार्सिया केले होते. १५५६ मध्ये वसईत जन्मलेले, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झालेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर भाल्यांनी भोसकले गेलेले आमचे गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत होत. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले, आणि त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात मी शिकले. तपकिरी चादरीचा झगा, कमरेला पडद्याची दोरी आणि तिला फ्रान्सिस्कन रिवाजाप्रमाणे तीन गाठी, असा तो वेश होता. स्वयंसेवकाने त्याला विचारले, तू अंतराळातला योद्धा का? मुलगा इंग्रजीत म्हणाला, “नाही, मी वसईचा आहे.” बिचाऱ्या माणसाने वसई हा कुठला तरी ग्रह समजून मान डोलावली.

यात त्या माणसाचा काही दोष नाही, कारण बॅप्टिस्ट परंपरेत संतांना स्थानच नाही. पण हॅलोविनला पर्याय द्यायचा म्हणून बसवलेल्या कार्यक्रमात त्या दिवसाच्या नावातील मूळ अर्थाची आठवण कुणालाच नसावी, हे मला खटकले. ‘हॅलो’ म्हणजे पवित्र जन आणि हॅलोविन म्हणजे त्यांच्या सणाची पूर्वसंध्या. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावाने एक प्रार्थनालय अर्पण केले. नवव्या शतकात १ नोव्हेंबरचा सण पश्चिम युरोपात सर्वत्र रुजला. पुढे फ्रान्समधील क्लूनीच्या मठाधिपती ओदिलो यांच्यापासून २ नोव्हेंबर हा मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस झाला. आयर्लंडमधील केल्टिक लोकांचा साउइन हा हिवाळा उजाडण्याचा सण याच सुमारास येई, आणि दोन्हींच्या चालीरीती एकमेकींत मिसळल्या, हे खरेच आहे. पण दारोदार जाऊन खाऊ मागण्याची जी रीत चर्चने पार्किंगमध्ये बंदिस्त केली आहे, तिचे एक मूळ ख्रिस्तीच आहे: इंग्लंडात गोरगरीब आणि मुले या दिवसांत घरोघरी जात, त्यांना ‘सोल केक’ नावाची छोटी गोड पोळी मिळे, आणि त्या बदल्यात ती त्या घरातील मेलेल्यांसाठी प्रार्थना करीत. माझ्या पतींच्या बाजूनेही हा दिवस परका नाही. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर यांनी प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात मानली जाणारी आपली ९५ सूत्रे मांडली, आणि ती तारीख योगायोगाने आलेली नव्हती. विटेनबर्गचे किल्ल्यातील चर्च हे सर्व संतांच्याच नावाचे होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या सणाला तिथे संतांचे अवशेष दर्शनाला मांडले जात. म्हणजे कॅथलिक असोत की प्रॉटेस्टंट, या तारखेला दोघांनाही आपले म्हणून सांगण्यासारखे पुष्कळ आहे; त्यातले त्या पार्किंगमध्ये काहीही नव्हते. भुते काढून टाकताना आयोजकांनी संत, मृत आणि सुधारक या सगळ्यांचीच गच्छंती केली होती, आणि मागे उरली होती ती साखर.

याहून मोठी तक्रार पत्रकाची आहे. डोनटच्या टेबलाशी प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक रंगीत घडीपत्रक टाकले जात होते. त्यावर ज्वाळांचे चित्र होते आणि हॅलोविन साजरा करणारे कुठे जाणार याचे वर्णन. फटाफट वाचू लागलेल्या शेजाऱ्यांच्या सात वर्षांच्या मुलाने परतीच्या वाटेवर गाडीत ते मोठ्याने वाचले आणि नरक म्हणजे काय असे आईला विचारले. त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकाच आठवड्यात आले होते, घरी अभ्यंगस्नानाची तयारी चालली होती, म्हणून तिने “नरकासुराचं गाव” असे सांगून वेळ मारून नेली. ती हसली, पण मी खजील झाले, कारण निमंत्रण मी दिले होते. लोकांना घाबरवून श्रद्धेकडे वळवण्याची ही तऱ्हा अमेरिकेत नवी नाही. बॅप्टिस्ट प्रचारक जेरी फॉलवेल यांनी व्हर्जिनियातील लिंचबर्गमध्ये स्थापलेल्या महाविद्यालयात १९७२ पासून मृत्यूची दृश्ये दाखवणारे भयगृहच भरवले जाते. मात्र दारावर ‘भीतीदायक वेश नको’ असे लिहायचे आणि पिशवीत भीती घालून पाठवायची, या दोन गोष्टी एका संध्याकाळी बसत नाहीत. ध्वनिक्षेपकावरून दोनदा असेही सांगण्यात आले की गुरुवारी, म्हणजे खुद्द ३१ तारखेला, ख्रिस्ती घरांनी ओसरीवरचे दिवे मालवून ठेवावेत.

ही दिवे मालवण्याची सूचना घरी आल्यावर चर्चेला आली, आणि तिथे सासूबाईंनीच मला चकित केले. त्यांचे सासरे, माझ्या पतींचे आजोबा, नगरमध्ये चर्चचे वडील, म्हणजे एल्डर, होते. दिवाळीत शेजारणींकडून फराळाचे ताट आले की ते एकच प्रश्न विचारीत: यातले नैवेद्याला दाखवलेले काही आहे का? नसले तर चकली सगळ्यांच्या आधी ते उचलत. असले तर तेवढे बाजूला ठेवून बाकीचे खात, आणि नाताळात त्याच ताटातून करंज्या परत पाठवत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय त्यांना तोंडपाठ होता. मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाविषयी पौल तिथे जे सांगतो ते थोडक्यात असे, की मूर्ती काहीच नाही म्हणून अन्न खायला हरकत नाही, पण ज्याचे मन त्याने दुखावेल त्याच्यासमोर खाऊ नका. आणि रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात तो बजावतो की कुणी एखादा दिवस विशेष मानतो, कुणी सगळे दिवस सारखे मानतो, त्यावरून भावाचा न्याय करू नका. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबे तिळगूळ, कुंकू, प्रसाद यांच्या बाबतीत पिढ्यानपिढ्या हीच वाट शोधत आली आहेत, त्यामुळे हॅलोविनचा प्रश्न आपल्याला अमेरिकन मंडळींपेक्षा अधिक ओळखीचा असायला हवा. सासूबाई म्हणाल्या, “ते ताट कधी परत नाही पाठवलं मामंजींनी. दिवा कसला मालवता? दारात आलेलं पोर रिकाम्या हातानं पाठवायचं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?”

म्हणून गुरुवारी आमचा दिवा लागलेला राहिला. कवट्या किंवा थडगी आम्ही लावली नाहीत. एक भोपळा मात्र कोरला. (कोरायचा हा भोपळा आपल्या घारग्यांच्या भोपळ्यासारखा नसतो, गर पाणचट आणि रेषाळ असतो, हे सासूबाईंनी त्याची भाजी करून सिद्ध केले. बिया मात्र मीठ लावून भाजल्या तर झकास लागतात.) सहा ते आठच्या दरम्यान साठेक मुले आली. ज्यांच्याशी तीन वर्षांत नमस्कारापलीकडे बोलणे झाले नव्हते अशा कोपऱ्यावरच्या वृद्ध जोडप्याच्या दारात आमची मुले दहा मिनिटे रमली, आणि त्यांचा मुलगा त्याच वर्षी वारल्याचे मला तिथे उभ्या उभ्या कळले. डिकीडिकीला हे घडत नाही. पार्किंगमध्ये सगळे आपल्यासारखेच असतात, आणि वर्षातून ज्या एका रात्री अख्खी अमेरिका अनोळखी माणसाला दार उघडते, तीच रात्र ख्रिस्ती लोकांनी सोडून द्यावी, हे मला उलटे वाटते. याबाबतीत १९५० साली फिलाडेल्फियातील प्रेस्बिटेरियन पाळक क्लाइड अ‍ॅलिसन आणि त्यांच्या पत्नी मेरी एमा यांनी शोधलेला मार्ग अधिक सुज्ञ होता: मुले दारोदार जाऊ देत, पण गोळ्यांबरोबर जगातील गरजू मुलांसाठी नाणीही गोळा करू देत. युनिसेफच्या नारिंगी डब्यांची प्रथा त्यातूनच निघाली.

तुलनेसाठी आमच्या कॅथलिक पॅरिशमधील शुक्रवारच्या संतमेळ्याचाही उल्लेख केला पाहिजे. संध्याकाळच्या मिस्सेनंतर सभागृहात मुलांनी एकेक संत होऊन यायचे आणि तीन वाक्यांत स्वतःची ओळख सांगायची, बस्स. सजावट यथातथा, पिझ्झा गार, आणि ध्वनियंत्रणा सतत शिट्टी मारणारी. पण ताटलीत दोन डोळे घेऊन आलेली संत लुसी आणि स्वतःचेच मुंडके काखेत मारून आलेला संत डेनिस पाहिल्यावर चर्चने भीतीदायक वेशांवर घातलेल्या बंदीचे मला हसू आले. रक्ताला आणि मरणाला आपली परंपरा कधी घाबरलेली नाही. आमच्या गोन्सालोला इथे कुणी अंतराळात पाठवले नाही. प्रॉटेस्टंट कुटुंबांना संतांचे वावडे असेल तर पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक आहेतच. मुलीने यंदा रमाबाई व्हायचे ठरवले असून पांढरे पातळ आजीकडून आधीच मिळवले आहे.

दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, वसईहून माझ्या भावाने दफनभूमीतून व्हिडिओ कॉल लावला. तिथे संध्याकाळ झाली होती, आईच्या थडग्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि मेणबत्त्या होत्या, मागे फादर पाणी शिंपडत फिरत होते आणि मुले थडग्यांमधून धावत होती. थर्मोकोलची थडगी महिनाभर पाहिलेल्या माझ्या मुलीने मामाला विचारले की आजी खरंच इथे आहे का, आणि मग फोन घेऊन बराच वेळ खिडकीशी जाऊन बसली.

तर निकाल असा. ‘ट्रंक ऑर ट्रीट’ला मी पाचपैकी तीन गुण देईन. वय सातच्या आतली मुले असतील, वस्तीत रहदारी फार असेल, किंवा ३१ तारखेला घरी असणे शक्य नसेल, तर अवश्य जावे. पावणेपाचलाच पोहोचावे, गोफणीसारखी वस्तू घरी ठेवावी, आणि ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना नेणार असाल तर परतताना पिशवीतील पत्रक आधी स्वतः वाचावे. पण तो ३१ तारखेच्या बदली म्हणून स्वीकारू नये, आणि १ व २ नोव्हेंबरच्या बदली तर नाहीच. पत्रकाविषयी आणि गोफणीविषयी मी चर्चला सौम्य शब्दांत ईमेल लिहिला होता. त्यांचे उत्तर चार दिवसांत आले, ते नम्र होते, आणि यंदा स्वतःची डिकी सजवण्याचे आमंत्रणही त्यात होते. आम्ही या महिन्यात नाव नोंदवले आहे. अर्जातील विषयाच्या रकान्यात माझ्या पतींनी ‘नागासाकीची टेकडी’ असे लिहिले आहे, आणि गुरुवारपासून तो अर्ज ‘विचाराधीन’ दाखवत आहे.